सव्वीस किलो

जिंतूरला शकूर मिस्त्रीच्या दुकानात
कुलरच्या टाक्यांच्या रांगेत ती पालथी पडली होती,
निळी, एका माणसापुरती.
बोटानं वाजवून पाहिली.
वाळल्या भोपळ्यासारखी बोलली.

"वजन किती?"
शकूर म्हणाला, "माझ्या तोंडावर जाऊ नका, काट्यावर बघा."
त्याच्या पोरानं ती शेजारच्या आडतीत नेली
डोक्यावर घेऊन, टोपलं न्यावं तशी.
सोयाबीनचे कट्टे बाजूला सारले.
सव्वीस किलो.
हमाल हसले.
"काका, अर्धा कट्टा बी नाही हे."

घरची होडी सागवानी, मुंजाजीच्या बापाच्या हातची.
दर वर्षी तिला डांबर पाजायचं
आणि दर वर्षी ती जड व्हायची.
मला वाटायचं, डांबरानंच.
मुंजाजी म्हणायचा, "ती तेवढीच हाय. तू उतरलास."

गेल्या उन्हाळ्यात येलदरीचं पाणी मागं हटलं.
काठापासून पाण्यापर्यंत दोनशे पावलं गाळ.
चौघांना बोलावलं. आले बिचारे.
एकानं मोबाईल कानाला तसाच ठेवून खांदा दिला.
होडी चौघांच्या खांद्यावर,
मागं मी, हातात वल्हं धरून.
तेव्हा मनात आलं ते बोललो नाही.
चार खांदे लागावेत अशी वेळ
माणसावर एकदाच येते,
तिची रोज पहाटे तालीम कशाला?

मुंजाजीच्या डोळ्यांवर पडदा आला
तेव्हापासून दुसरं वल्हं खुंटीला.
एका वल्ह्यावर दोघांची होडी
घाण्याच्या बैलासारखी फिरते.
दोन वर्षं फिरलो.
मासे काय, तेलसुद्धा निघालं नाही.

नवी नेली त्या दिवशी एकट्यानंच नेली.
डोक्यावर पालथी.
आत उजेड निळा, गाळून आलेला,
स्वतःचाच श्वास मोठा ऐकू येतो.
हातपंपावरची एक बाई म्हणाली,
"अगं बया, होडीला पाय फुटले!"
गुडघा कुरकुरला नाही असं नाही,
पण कमी बोलला.

पाण्यात मात्र तिनं माझं काही ऐकलं नाही.
मी मागं बसलो की पुढचं टोक वर,
आणि वारा आला की ते टोक वाऱ्याचं.
जुनीला सगळं ठाऊक होतं.
ही नुकती दावं तोडलेली कालवड.
पैलतीराला निघालो
आणि बुडालेल्या बाभळींच्या खोडांत जाऊन अडकलो.
तिथले पाणकावळे उडालेसुद्धा नाहीत.

काठावरून मुंजाजी ओरडला,
"टोक चापट्या मारायलंय पाण्याला!
दिसत नाही मला, ऐकू येतंय.
पुढं वजन टाक की, लिंबाजी!"

मग जुन्या होडीचा नांगर काढला.
नांगर म्हणजे फुटकं उखळ, धरणात गेलेल्या गावचं,
तळाच्या भोकातून दोर ओवलेलं.
जिथं तो टाकतो त्या पाण्याखाली
एके काळी खरा नांगर चालायचा.
तो ठेवला पुढं,
मुंजाजी बसायचा त्या जागेवर.
होडी खाली बसली. सरळ झाली.
वल्हं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं,
आणि पाणी मागं जाऊ लागलं, न बोलता.

म्हणजे हलकी पाहिजे म्हणून एवढे पैसे मोजले
आणि वरून दगड घातला.
शकूरला हे सांगितलेलं नाही.

परवा मुंजाजीनं विचारलं,
"दोघं मावतील का रे त्यात?"
मी म्हणालो, "नाही."
तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
"बरं झालं," म्हणाला,
"मला बी आता सल्ले काठावरूनच सुचतात."

संध्याकाळी उखळ त्याच्याजवळ ठेवतो.
कोण नेतंय.
सव्वीस किलो तेवढे डोक्यावर घेतो
आणि त्याला विचारतो, "येतोस?"
तो होडीची मागची कड धरतो.
उचलायला नाही,
वाट दिसावी म्हणून.